रंगीत लॉग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲप्लिकेशनच्या लॉगला (चालताना ते करत असलेल्या नोंदींना) रंग देताना, रंग बदलताना किंवा नको तिथे आलेले रंग घालवताना लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक पायथनची आहेत, कारण सर्वाधिक प्रश्न तिथूनच येतात. पण अडचणी सगळ्या भाषांमध्ये सारख्याच असतात. यातल्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ एकच आहे: रंग मेसेजमध्येच मिसळला जातो. तो मेसेजचा भाग नाही. लॉग पडद्यावर दाखवताना, अगदी शेवटच्या टप्प्यावर तो लागला पाहिजे.

१. लॉगला रंग येतो कुठून? मजकुरात नक्की काय घातलं जातं?

टर्मिनलला, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीला, फक्त अक्षरं मिळतात. त्यातलीच काही अक्षरं "यापुढचं लाल दाखव" अशी सूचना असतात. सूचनेची सुरुवात एस्केप या अदृश्य अक्षराने होते (दशमान २७). त्यानंतर डावा चौकटी कंस, मग एक किंवा अधिक आकडे, आणि शेवटी छोट्या लिपीतलं एम. आकडे अनेक असतील तर मध्ये अर्धविराम येतो.

३० ते ३७ हे अक्षरांचे आठ मूळ रंग: काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, मॅजेंटा, सियान, पांढरा, याच क्रमाने. ४० ते ४७ हेच रंग पार्श्वभूमीसाठी. ९० ते ९७ म्हणजे त्यांच्या उजळ छटा. १ म्हणजे ठळक, २ म्हणजे फिकट, ४ म्हणजे अधोरेखित. शून्य म्हणजे सगळं मूळ स्थितीत आणा. ही पद्धत १९७० च्या दशकातली आहे: एक्मा-४८ हे मानक १९७६ साली आलं आणि डेक या संगणक कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलमुळे ते सगळीकडे पोचलं. आजचं टर्मिनल ॲप तेच आकडे वाचतं.

या पानावर "रंगाचा कोड" म्हटलं की हीच सूचना समजा, आणि "रिसेट" म्हणजे शून्याचा कोड.

२. कुठल्या लेव्हलला कुठला रंग द्यायचा? काही ठरलेला नियम आहे का?

लेव्हल म्हणजे नोंद किती गंभीर आहे ते. मानक असं नाही, रूढी आहे. एरर लाल, वॉर्निंग पिवळा, डीबग फिकट किंवा सियान, क्रिटिकल ठळक लाल किंवा लाल पार्श्वभूमीवर पांढरा. इन्फोच्या बाबतीत एकमत नाही: जावाच्या लॉगिंग लायब्ररींपैकी लॉग४जे २ मध्ये तो मुळात हिरवा असतो, लॉगबॅकमध्ये निळा. लॉगबॅक तर वॉर्निंगलाही लालच देतो, फक्त एरर ठळक असतो.

माझं मत स्पष्ट आहे: इन्फोला रंगच देऊ नका. लॉगमधल्या बहुतेक ओळी इन्फोच्या असतात. त्या टर्मिनलच्या मूळ रंगात राहिल्या तर वॉर्निंग आणि एरर आपोआप उठून दिसतात. प्रत्येक ओळ रंगीत झाली की डोळा कुठेच थांबत नाही.

३. पूर्ण ओळ रंगवावी की फक्त लेव्हलचा शब्द?

फक्त लेव्हलचा शब्द. लांब मेसेज लाल रंगात वाचताना डोळे थकतात, आणि मेसेजमध्ये आधीच दुसरा रंग असेल तर प्रश्न १३ मधला गोंधळ होतो. क्रिटिकलपुरता अपवाद करायला हरकत नाही. वेळ आणि मॉड्युलचं नाव फिकट केलं तर वाचन आणखी सोपं होतं.

४. पायथनमध्ये रंग आणायला वेगळी लायब्ररी लागते का?

नाही. मूळ लॉगिंग मॉड्युलच्या फॉरमॅटर या (नोंदीची ओळ तयार करणाऱ्या) क्लासवरून स्वतःचा क्लास काढायचा आणि त्याची फॉरमॅट ही मेथड बदलायची. मेथडमध्ये क्रम असा ठेवा:

आलेल्या रेकॉर्डची (एका नोंदीच्या ऑब्जेक्टची) कॉपी घ्या. कॉपीतल्या लेव्हलच्या नावाला आधी ठरावीक रुंदीपर्यंत स्पेस जोडा. मग त्याच्या आधी रंगाचा कोड आणि नंतर रिसेट लावा. ही कॉपी मूळ क्लासच्या फॉरमॅटकडे द्या आणि तिथून येणारी स्ट्रिंग परत करा. कोणता रंग हे ठरवायला लेव्हलच्या आकड्यांची डिक्शनरी पुरते: डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. स्वतःची मधली लेव्हल केली असेल, समजा २५, तर डिक्शनरीत ती सापडणार नाही. तेव्हा एरर न फेकता रंगाशिवाय छापा.

कॉपी का घ्यायची ते प्रश्न ६ मध्ये आहे, आणि स्पेस आधी का ते प्रश्न ८ मध्ये. या दोन पायऱ्या गाळल्या तरी पहिल्या दिवशी सगळं नीट चालतं, म्हणूनच त्या गाळल्या जातात.

कलरलॉग किंवा रिचसारख्या तयार लायब्ररी चांगल्या आहेत. पण प्रकल्पात फक्त लेव्हल रंगवायची असेल तर वीसेक ओळींच्या कामासाठी नवी डिपेंडन्सी घेऊ नये.

५. आमचा प्रकल्प पायथनमध्ये नाही. रंग कुठे बदलायचे?

लॉगबॅकमध्ये पॅटर्नमधल्या हायलाइट या शब्दाच्या कंसात लेव्हल टाका. त्याचे ठरीव रंग पटले नाहीत तर स्वतःचा कन्व्हर्टर क्लास लिहून कन्व्हर्जन रूलने नोंदवावा लागतो. लॉग४जे २ मध्ये हे सोपं आहे: हायलाइटच्या दुसऱ्या महिरपी कंसात प्रत्येक लेव्हलचा रंग थेट लिहिता येतो. स्प्रिंग बूटमध्ये ॲन्सी (म्हणजे याच रंगाच्या कोडच्या) आउटपुटच्या सेटिंगला डिटेक्ट, ऑलवेज, नेव्हर अशा तीन किमती आहेत. डिटेक्ट आहे तशी राहू द्या.

नोडमधल्या विन्स्टनमध्ये कलराइझ हा फॉरमॅट लॉगरवर न लावता फक्त कन्सोल ट्रान्सपोर्टवर (पडद्यावर लिहिणाऱ्या भागावर) लावा. लॉगरवर लावला तर फाइल ट्रान्सपोर्टलाही रंगीत लेव्हल मिळते, म्हणजे पुढच्याच प्रश्नातली तक्रार. रस्टच्या एन्व्ह लॉगरला स्टाइलचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. गोमधल्या झॅपमध्ये रंगीत लेव्हलचा एन्कोडर निवडावा लागतो.

६. टर्मिनलवर रंग छान दिसतात, पण लॉगच्या फाइलमध्ये चौकटी कंस आणि आकड्यांचा कचरा येतो. फाइलला तर साधा फॉरमॅटर दिला आहे!

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच. आणि "फाइलला साधा फॉरमॅटर दिला आहे" हे बहुतेक वेळा खरंही असतं.

पायथनमध्ये एका लॉग कॉलसाठी एकच रेकॉर्ड तयार होतो आणि तोच सगळ्या हँडलरकडे (कन्सोल, फाइल अशा ठिकाणी लॉग लिहिणाऱ्या भागांकडे) एकामागून एक जातो. प्रत्येकाला वेगळी प्रत मिळत नाही. कन्सोलच्या फॉरमॅटरने रेकॉर्डच्या लेव्हलनेममध्येच रंगाचा कोड लिहिला, की मागून येणाऱ्या फाइल हँडलरला लेव्हलनेम रंगीतच मिळतं. त्याचा साधा फॉरमॅटर ते प्रामाणिकपणे छापतो.

हा दोष हँडलरच्या क्रमावर अवलंबून असतो, आणि हीच त्यातली फसवी गोष्ट. फाइल हँडलर आधी जोडलेला असेल तर फाइल स्वच्छ राहते. काही महिन्यांनी कुणीतरी कॉन्फिगरेशनमध्ये दोन ओळींची अदलाबदल करतं आणि फाइलमध्ये कोड यायला लागतात. फॉरमॅटरच्या कोडला तर कुणी हातही लावलेला नसतो. रेकॉर्ड वरच्या लॉगरकडेही जातो, त्यामुळे रूट लॉगरवर लावलेला ईमेल किंवा नेटवर्क हँडलरही याच्या तावडीत सापडतो.

उपाय प्रश्न ४ मधलाच: रेकॉर्डची उथळ कॉपी घ्या आणि बदल फक्त तिच्यात करा. "काम झाल्यावर लेव्हलनेम पुन्हा पूर्ववत करू" असा मार्गही काही जण घेतात. मध्येच एक्सेप्शन आलं तर पूर्ववत करायचं राहून जातं, म्हणून कॉपीच बरी.

लेव्हलच्या नावाची नोंदच बदलून तिथे रंगीत नाव ठेवण्याची एक युक्ती फार पसरली आहे. ती संपूर्ण प्रोसेसला लागू होते. फाइल, नेटवर्क, दुसऱ्या लायब्ररीचे लॉग, सगळीकडे रंगीत नाव जातं. ती वापरू नका.

७. प्रश्न ६ प्रमाणे कॉपी घेतली. फाइलमधले मेसेज स्वच्छ झाले, पण ट्रेसबॅक अजून रंगीत येतो. का?

मग कॉपी उशिरा घेतली जाते आहे किंवा मूळ रेकॉर्ड कुठेतरी थेट वापरला जातो आहे. पायथनचा फॉरमॅटर ट्रेसबॅकचा (एक्सेप्शन कुठून आलं ते सांगणाऱ्या ओळींचा) मजकूर एकदाच तयार करतो आणि रेकॉर्डवरच्या एक्सटेक्स्ट या जागी जपून ठेवतो. पुढच्या फॉरमॅटरला तिथे काही सापडलं की तो नव्याने तयार न करता तेच वापरतो. ट्रेसबॅक रंगवणाऱ्या मेथडचा निकाल मूळ रेकॉर्डवर साठला की फाइलमध्येही तोच उतरतो.

उलटही घडतं: फाइल हँडलर आधी चालला तर साधा ट्रेसबॅक साठतो आणि कन्सोलवर रंग दिसतच नाही. म्हणून कॉपी घेतल्यावर लगेच कॉपीतली ती जागा रिकामी करा. मूळ फॉरमॅटकडे कॉपीच द्यायची, मूळ रेकॉर्ड नाही. दोन्ही तक्रारी एकदम मिटतात.

८. रंग दिल्यापासून कॉलम वेडेवाकडे झाले. रुंदी तर आठ दिली आहे.

रंगाचा कोड डोळ्यांना दिसत नसला तरी स्ट्रिंगच्या लांबीत मोजला जातो. वॉर्निंग हा शब्द इंग्रजीत सात अक्षरांचा. त्याच्या आधी पिवळ्याचा कोड पाच अक्षरांचा आणि नंतर रिसेट चार अक्षरांचा. एकूण झाली सोळा. फॉरमॅटर बघतो, आठ हवी होती, सोळा आहेत, म्हणजे स्पेसची गरज नाही. इन्फोची तेरा होतात, तिथेही नाही. कुणालाच स्पेस मिळत नाही आणि ओळी सरकतात.

काही जण आठच्या जागी सतरा लिहितात, म्हणजे आठ अधिक नऊ. ते चालतं, जोवर सगळे कोड सारख्याच लांबीचे आहेत. क्रिटिकलला ठळक लाल दिला की कोड सात अक्षरांचा होतो, एकूण एकोणीस, आणि पुन्हा तोच घोळ. आधी स्पेस, मग रंग: हा क्रम कायमचा उपाय आहे. लॉगबॅक आणि लॉग४जे मध्ये रुंदीचा आकडा हायलाइटच्या आतल्या लेव्हलला द्या, बाहेर नको.

मजकूर देवनागरीत असेल तर आणखी एक अडचण येते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही वेगळी कोड पॉइंट (युनिकोडमधली स्वतंत्र चिन्हं) म्हणून मोजली जातात, पण पडद्यावर प्रत्येकाला स्वतंत्र घर मिळेलच असं नाही. लांबी मोजून केलेली रांग तिथे बिघडते, आणि जोडाक्षरांच्या बाबतीत टर्मिनल-टर्मिनलमध्ये फरक पडतो. म्हणून रांगेत बसवायचे कॉलम रोमन किंवा अंकी ठेवा, आणि देवनागरी मेसेज ओळीच्या शेवटी येऊ द्या.

९. थेट चालवलं की रंग दिसतात, पण आउटपुट दुसऱ्या कमांडकडे पाठवलं की जातात. बग आहे का?

नाही, हे योग्यच आहे. चांगलं ॲप्लिकेशन आधी विचारतं, "माझं आउटपुट टर्मिनलवर जातंय का?" पाइप किंवा फाइल असेल तर ते रंग बंद करतं. पेजरमध्ये (लांब मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) रंग हवे असतील तर ॲप्लिकेशनला सक्तीने रंग द्यायला सांगा (प्रश्न १०) आणि लेस हा पेजर मोठ्या आरच्या पर्यायासह चालवा.

एक चूक मात्र वारंवार दिसते. पायथनचा साधा स्ट्रीम हँडलर मुळात स्टँडर्ड एररवर लिहितो, आणि तपासणी केली जाते स्टँडर्ड आउटपुटची. मग कुणी फक्त आउटपुट फाइलमध्ये वळवलं की पडद्यावरच्या लॉगचे रंग विनाकारण जातात; फक्त स्टँडर्ड एरर वळवलं की फाइलमध्ये कोड भरतात. ज्या स्ट्रीमवर हँडलर लिहितो, तीच तपासा.

१०. रंग सक्तीने बंद किंवा सुरू कसे करायचे? "नो कलर" ला शून्य दिलं तरी रंग बंदच राहतात!

तसंच ठरलेलं आहे. नो कलर हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर) ही २०१७ पासूनची रूढी आहे: ते रिकामं नसेल, तर किंमत काहीही असो, रंग बंद. शून्य हीसुद्धा किंमतच. रंग परत हवे असतील तर व्हेरिएबल काढून टाका.

उलट बाजूला फोर्स कलर आहे. दोन्ही एकदम दिलेली असतील तर काय, यावर मात्र एकवाक्यता नाही: नोडमध्ये फोर्स कलर जिंकतं, पायथन ३.१३ च्या स्वतःच्या रंगीत ट्रेसबॅकसाठी नो कलर जिंकतं. म्हणून दोन्ही एकत्र ठेवू नका.

तुम्ही स्वतः ॲप्लिकेशन लिहीत असाल तर क्रम असा ठेवा: कमांड लाइनचा पर्याय सर्वांत वर, मग कॉन्फिगरेशन फाइल, मग ही व्हेरिएबल्स, आणि शेवटी टर्मिनलची तपासणी. टर्म हे टर्मिनलचा प्रकार सांगणारं व्हेरिएबल "डंब" असेल तर रंग देऊ नका.

११. विंडोजवर रंगाऐवजी बाण आणि कंस दिसतात.

विंडोज १० पासून कन्सोलला हे कोड कळतात, पण त्यासाठी व्हर्च्युअल टर्मिनल प्रोसेसिंग हा मोड सुरू करावा लागतो. तो प्रोग्रामचा नसतो, कन्सोलच्या बफरचा असतो. त्यामुळे आधी चाललेल्या दुसऱ्या कशाने तो सुरू ठेवला असेल तर रंग दिसतात, नाहीतर नाही. पायथनमध्ये कलरामा या लायब्ररीचं "जस्ट फिक्स विंडोज कन्सोल" हे फंक्शन सुरुवातीला एकदा बोलवा. लॉगबॅकमध्ये याच कामाची जान्सी ही लायब्ररी सुरू करण्याचा पर्याय आहे.

१२. कंटेनरमध्ये आणि सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) रंग येत नाहीत.

दोन्हीकडे टर्मिनल नसतं, म्हणून प्रश्न ९ मधली तपासणी "नाही" म्हणते. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरला टीचा पर्याय दिला की टर्मिनल मिळतं, पण आउटपुट आणि एरर या दोन स्ट्रीम एकत्र होतात. लॉग गोळा करणारी यंत्रणा त्या वेगळ्या धरत असेल तर हे महागात पडतं. लोकल कामापुरताच तो पर्याय वापरा.

गिटहब ॲक्शन्स टर्मिनल देत नाही, पण त्याच्या पानावर कोड रंगीत दिसतात. तिथे फोर्स कलर योग्य आहे.

लॉग जेसन या डेटाच्या फॉरमॅटमध्ये जात असतील तर रंग अजिबात नको. एस्केप तिथे युनिकोडच्या आकड्याच्या रूपात किमतीत शिरतं आणि "लेव्हल बरोबर एरर" हा शोध रिकामा येतो.

१३. एका रंगीत मेसेजमध्ये दुसरा रंग दिला की पुढचा मजकूर रंगहीन होतो. कधी कधी पार्श्वभूमीचा रंग पुढच्या ओळीवर सांडतो.

रिसेट सगळंच पुसतो; आधीचा रंग त्याला आठवत नाही. आतला रंग संपवताना शून्याऐवजी बाहेरच्या रंगाचा कोड पुन्हा द्या. ठळकपणा काढायला २२ आहे, अक्षराचा रंग मूळचा करायला ३९, पार्श्वभूमीचा ४९.

सांडण्याचं कारण वेगळं. पार्श्वभूमी चालू असताना नवी ओळ आली आणि पडदा वर सरकला, तर बरीच टर्मिनल नवी रिकामी ओळ त्याच रंगाने भरतात. रिसेट नेहमी नव्या ओळीच्या आधी हवा. अनेक ओळींच्या मेसेजमध्ये प्रत्येक ओळीला स्वतंत्र कोड आणि स्वतंत्र रिसेट द्या. कोड, मजकूर आणि रिसेट एकाच राइटमध्ये लिहा, नाहीतर दुसऱ्या थ्रेडची ओळ मध्येच घुसून रंग उचलते.

१४. माझ्या पडद्यावर सुरेख दिसतं, सहकाऱ्याला डीबगच्या ओळी दिसतच नाहीत.

त्यांची थीम वेगळी आहे. मूळ सोळा रंग नक्की कसे दिसणार ते टर्मिनलची थीम ठरवते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पिवळा वाचता येत नाही, काळ्यावर गडद निळा. सोलराइझ्डच्या गडद थीममध्ये ९० चा उजळ काळा म्हणजे थेट पार्श्वभूमीचाच रंग, म्हणून त्या रंगातल्या ओळी नाहीशा होतात. फिकट करायला ९० ऐवजी २ वापरा. काही टर्मिनल त्याकडे दुर्लक्ष करतात, पण मजकूर निदान दिसतो.

२५६ रंगांत थीमचा प्रश्न बराच कमी होतो. ३८, ५ आणि रंगाचा क्रमांक असा तो कोड. १६ ते २३१ मध्ये लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी सहा पायऱ्या आहेत: लालला ३६ ने गुणा, हिरव्याला ६ ने, निळा तसाच, आणि त्यात १६ मिळवा. लाल ५, हिरवा २, निळा ० घेतले की २०८ येतो, तो नारिंगी. हा वॉर्निंगसाठी मला पिवळ्यापेक्षा आवडतो, कारण पांढऱ्या पार्श्वभूमीवरही तो पिवळ्याइतका हरवत नाही. २४ बिटांचे रंग मात्र लॉगसाठी टाळा. ते वापरणाऱ्याच्या थीमकडे पाहतच नाहीत, आणि ते न कळणारी टर्मिनल अजून वापरात आहेत.

काहीही निवडलं तरी रंग बदलण्याची सोय कॉन्फिगरेशनमध्ये ठेवा.

१५. रंगांधळेपणा असलेल्यांसाठी काय करावं?

लेव्हलचा शब्द कधीही काढू नका. फक्त रंगावरून लेव्हल ओळखायची, असा लॉग बऱ्याच लोकांना वाचताच येत नाही. लाल आणि हिरव्यात फरक न कळणं हा याचा सर्वांत आढळणारा प्रकार आहे. इन्फो हिरवा आणि एरर लाल ही जोडी त्यांच्यासाठी सर्वांत वाईट. एररला लालसोबत ठळकपणाही द्या, म्हणजे फरक रंगावर अडून राहत नाही.

१६. आधीच खराब झालेल्या फाइलमधून कोड कसे काढायचे?

एस्केप, डावा चौकटी कंस, कितीही अंक आणि अर्धविराम, आणि शेवटी एम, एवढा रेग्युलर एक्स्प्रेशन लॉगसाठी पुरतो. ग्रेप या शोधाच्या कमांडने दोन लागोपाठचे शब्द शोधूनही सापडत नसतील तर त्यांच्या मध्ये रिसेट लपलेला असतो. कोड काढले की शोध लागतो.

कॉपी-पेस्टमध्ये किंवा एखाद्या साधनातून जाताना एस्केप गळून पडलेलं असेल तर मात्र जपून. मागे फक्त कंस, आकडे आणि एम उरतात, आणि तसा मजकूर खऱ्या मेसेजमध्येही असू शकतो. तिथे तुमच्या फॉरमॅटरने वापरलेले नेमके कोडच काढा, सरसकट नको. आणि मूळ फाइल जपून ठेवा.

१७. वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर लॉगमध्ये जातो. त्यात कुणी मुद्दाम रंगाचे कोड टाकले तर?

टाकू शकतात, आणि प्रश्न फक्त रंगांचा नाही. याच कुळातले कोड पडदा पुसतात, कर्सर वर नेतात, खिडकीचं शीर्षक बदलतात. वापरकर्त्याच्या नावात असा कोड आणि नवी ओळ घातली, तर लॉग पाहणाऱ्याला खरी ओळ न दिसता बनावट ओळ दिसू शकते. दुर्बलतांच्या सीडब्ल्यूई यादीत लॉगमधला असा अनिर्बंध मजकूर ११७ क्रमांकावर नोंदलेला आहे.

बाहेरून आलेल्या मजकुरातली सर्व नियंत्रण अक्षरं दिसेल अशा रूपात बदला, म्हणजे एस्केपच्या जागी उलटी तिरपी रेघ, एक्स आणि १बी. गुपचूप पुसू नका. हल्ला झाला होता हे लॉगमध्ये दिसलं पाहिजे. दशमान १५५ हे एकच अक्षरही काही टर्मिनलमध्ये एस्केप आणि कंस या जोडीचं काम करतं, तेही यादीत घ्या.

ही सफाई फॉरमॅटरमध्ये, रंग लावण्याच्या आधी करा. रंग लावल्यानंतर केली तर तुमचेच कोड साफ होतात. आणि ती फाइलच्या फॉरमॅटरमध्येही हवी, कारण ती फाइलसुद्धा कुणीतरी टर्मिनलमध्येच उघडणार असतं.